कुंपणाची चौथी बाजू

सोलापूरला जाऊन आलो म्हटल्यावर चिपळुणात प्रत्येकाने दोनच प्रश्न विचारले. चादर आणली का, आणि ऊन सोसलं का. दोन्ही उत्तरं ऐकून मंडळी खट्टू झाली. चादर आणली नव्हती, आणि जानेवारी असल्यामुळे सकाळी दात वाजत होते. सिद्धेश्वराचं तळं पाहिलं का, या तिसऱ्या प्रश्नालाही मी नकारार्थी मान हलवली, तेव्हा मी नक्की गेलो होतो तरी का, असा संशय लोकांच्या चेहऱ्यावर दिसू लागला. म्हणून हे लिहितो आहे. मी पाच दिवस एका वीज उपकेंद्राच्या कुंपणापाशी होतो.

याला कारण माझा शाळेपासूनचा मित्र विनायक. त्याने जन्मभर उच्च दाबाच्या उपकेंद्रांची डिझाइनं केली आणि निवृत्तीनंतर तो इतरांची डिझाइनं तपासतो. दुसऱ्याच्या चुका काढण्याबद्दल मानधन मिळावं हे आपल्याकडे पुष्कळांचं स्वप्न असतं, त्याला ते मिळालं आहे. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाची हद्द जवळ येते त्या भागात, एक नवं उपकेंद्र सुरू व्हायचं होतं. त्याची अखेरची तपासणी विनायकाकडे होती. उपकेंद्रातल्या सगळ्या पाट्या शुद्ध मराठीत असाव्यात असं वरून ठरल्यामुळे त्या तपासायला कोणीतरी हवं होतं. मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकांचं संपादन केलेलं, म्हणून त्याने माझं नाव सुचवलं. मला आलेली सूचना स्पष्ट होती. फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहावेत. अर्थ पाहू नये, कारण अर्थाला समितीने मंजुरी दिलेली आहे.

सोमवार, नवी पेठ

गाडीत केम स्टेशनवर चढलेल्या एका बाईंनी मला त्यांच्या गावच्या कुंकवाची महती सांगितली आणि मी काय कामाला निघालोय ते विचारलं. "पाट्या वाचायला," म्हटल्यावर त्यांनी चटकन विषय बदलला.

स्टेशनवर आम्हाला घ्यायला उपकेंद्राच्या सहायक अभियंता शिंदे मॅडम आल्या होत्या. तिशीतल्या, बोलण्यात चपळ, आणि फोन कानापासून दूर न्यायची सवय नसलेल्या. जीपमध्ये बसताच त्या म्हणाल्या, "सर, आधी नवी पेठ. शालींचं उरकलं की मग अर्थिंग."

विनायकाने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

नवी पेठेत जीप आत जाऊ शकत नाही, रिक्षा जाऊ शकते पण बाहेर येऊ शकत नाही, म्हणून आम्ही पायी गेलो. कापडाच्या दुकानात गादीवरचे गृहस्थ मुलाशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलत होते. सत्काराच्या शाली हव्यात म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "क्वालिटी कोणती दाखवू? मंत्री, आमदार, का साहेब?"

"फरक काय?" मी विचारलं.

"मंत्री क्वालिटीत जरीचं काम जास्त. साहेब क्वालिटी धुता येते."

"आणि मंत्री क्वालिटी?"

"तिला धुवायची वेळच येत नाही हो. आली तशी पुढच्याच्या अंगावर जाते."

इतका नेमका माहितीपत्रकवजा खुलासा मी कोणत्याही सरकारी कागदात वाचलेला नाही. मॅडमनी तिन्ही प्रकार घेतले आणि जिना उतरता उतरता आम्हाला गुरुवारचा बेत सांगितला. त्या दिवशी दोन कार्यक्रम एकाच मांडवात होते. या भागाचे नेते, ज्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात, ते उपकेंद्राचं उद्घाटन करणार होते. शिवाय कित्येक महिने रिकाम्या असलेल्या जागेवर नवे कार्यकारी अभियंता येऊन चार्ज घेणार होते.

"म्हणजे हार एकदाच सांगावे लागतील," मॅडम म्हणाल्या.

"भाऊंचं बटण कशाला जोडलंय?" विनायकाने विचारलं.

"बल्बला, सर."

खरं उपकेंद्र बुधवारीच गुपचूप चार्ज करायचं होतं, म्हणजे त्यात पहिल्यांदा वीज सोडायची होती. पहिल्यांदा वीज सोडताना काय होईल ते देवालाही ठाऊक नसतं. "काही उडालंच," मॅडम म्हणाल्या, "तर बातमीत आपण असावं, सर. भाऊ नसावेत."

रात्री विश्रामगृहात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी मिळाली. आमच्याकडे पाहुण्याला मऊ भात वाढतात. इथली भाकरी मोडताना होणारा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघायला आला, असं मी चिपळुणात सांगतो. तो पाणी मागायला आला होता.

मंगळवार, माळ

शहर मागे पडलं की जमीन हळूहळू कपडे उतरवते. आधी ऊस जातो, मग ज्वारी विरळ होते, शेवटी मुरमाचा उघडा माळ आणि त्यावर वाळलेलं पिवळं गवत उरतं. वारा अडवायला काही नाही. आमच्या कोकणात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही म्हणून माणसं संशयी झाली. इथे उद्या येणारा माणूस आजच दिसतो.

उपकेंद्र त्या माळावर असं उभं होतं, जणू कोणीतरी मोठ्या शहराचा एक तुकडा तिथे ठेवून विसरून गेलं आहे. लोखंडी मनोरे, वर चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा, आणि खाली सगळीकडे पसरलेली खडी. खडी चिखल होऊ नये म्हणून असावी अशी माझी समजूत. विनायक म्हणाला, ती पायांसाठी असते. कुठे तार तुटली, बिघाड झाला, की प्रचंड प्रवाह जमिनीत शिरतो आणि क्षणभर उपकेंद्राखालची जमीनच विजेने उसळते. तेवढ्या क्षणापुरती ही कोरडी खडी माणसाचे तळवे आणि जमीन यांच्यात उभी राहते. पुढे पंधरा मिनिटं मी फार जपून चाललो. तोपर्यंत तिथे वीज आलेलीच नव्हती, हे मला जेवताना कळलं.

कुंपणाशी पोचल्यावर विनायक थांबला. कुंपण लोखंडी जाळीचं होतं आणि नकाशाप्रमाणे जमिनीतल्या तांब्या-लोखंडाच्या जाळ्याला जोडलेलं होतं. ते बरोबर होतं. पण कुंपणाच्या पलीकडे मेंढरं होती, आणि ती ज्या वाड्यात होती त्याच्या तीन बाजू तारेच्या होत्या. चौथी बाजू सरकारची होती. दोन्ही टोकांना वाड्याची तार उपकेंद्राच्या जाळीला पीळ घालून घट्ट आवळलेली.

"हे नकाशात नाही," विनायक म्हणाला.

"सर, ते कुंपणाच्या बाहेर आहे," मॅडम म्हणाल्या.

आम्ही फाटकातून वळसा घालून बाहेर गेलो. वाडा बिरू आणि सत्यव्वा या नवरा-बायकोचा. ओढा आणि उपकेंद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी त्यांची. बिरू पन्नाशीचा, डोक्याला फेटा आणि पायात रबरी बूट. सत्यव्वा कोकरू मांडीत घेऊन त्याला बाटलीने दूध पाजत होती. उपकेंद्र यायच्या आधी ते दोरीच्या जाळ्याचा वाडा घालत. त्याला इथे वाघर म्हणतात. ठेकेदाराकडून उरलेली तार मिळाली, सरकारने एक बाजू आयती बांधून दिली, म्हणून पक्का वाडा झाला.

"तवापास्नं एक कोकरू गेलं न्हाय," बिरू म्हणाला. "आदी लांडगं दर आठ-पंदरा दिसाला यायचं. वाघर दातानं तोडतंय त्ये. तारंम्होरं काय चालतंय त्येचं?"

विनायकाने उकिडवं बसून समजावलं. एरवी या कुंपणात वीज नसते. हात लावलात तरी काही होणार नाही, वर्षानुवर्षं होणार नाही. पण एखाद्या दिवशी आत मोठा बिघाड झाला, की क्षणभर हे कुंपण विजेने भरतं. आतल्या माणसाच्या पायाखाली खडी असते, कुंपणाबाहेरही थोडी असते. तुमची तार मात्र ते सगळं बाहेर, ओढ्यापर्यंत नेते. तिथे जमीन नेहमीसारखी असते आणि तार तशी नसते. जो तारेला टेकलेला असेल तो दोहोंच्या मध्ये सापडतो.

"मेंढरं तारंलाच अंग घासत्यात," सत्यव्वा म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

"आन् ह्यो बिगाड कवा हुनार?"

"सांगता येत नाही. कदाचित वीस वर्षांनी. कदाचित कधीच नाही."

"आन् लांडगं?"

विनायकाने नकाशा उलगडला. त्यात लांडगे नव्हते.

चौथी बाजूही तारेचीच, पण कुंपणापासून दूर घेतली तर, असं मी सुचवलं. मला वाटलं, बरं सुचवलं. दूर म्हणजे ओढ्यात, असं बिरूने दाखवलं. जवळ घेतली तर एक हात तारेवर आणि एक कुंपणावर ठेवून कोणी ना कोणी उभं राहणारच, असं विनायक म्हणाला. चौथी बाजू हवी होती ती वीज न वाहणारी. मग मी आमच्याकडच्या गडग्याची, दगडावर दगड रचलेल्या कोकणी कुंपणाची स्तुती सुरू केली.

"चांगलं हाय की," सत्यव्वा म्हणाली. "रचून हुईस्तवर लांडग्याला थांब म्हनून सांगा तुमी."

अखेर असं ठरलं की चार्ज व्हायच्या आत बिरूने कुंपणाला बांधलेली तार सोडायची आणि तात्पुरती त्या बाजूला जुनी वाघर लावायची. कुंपणापासून थोड्या अंतरावर. बिरू "व्हय, व्हय" म्हणाला. निघताना सत्यव्वाने हुलग्याचं माडगं दिलं. पहिला घोट घेतला आणि मला घर आठवलं. हे आमच्या कुळथाचंच भावंड. धान्य तेच, नाव वेगळं. दोन नावांमुळे पोटाला काही इजा होत नाही. नाव एक आणि वस्तू दोन असतील तर मात्र काय होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवार, प्रभारित

सकाळी विनायक आणि मॅडम नियंत्रण कक्षात शिरले आणि मी फाटकाशी पाट्या वाचत बसलो. मुख्य पाटी लाल अक्षरांत होती. "सावधान! हे उपकेंद्र प्रभारित आहे. भूसंपर्कित धातुभागांस स्पर्श वर्ज्य." ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष होते. मी बरोबरची खूण केली.

आतून कोणीतरी ओरडलं की दहा-पंधरा मिनिटांत सोडतोय. मी सहज वाड्याकडे पाहिलं. मेंढरं आत होती आणि तार जिथल्या तिथे, कुंपणाला आवळलेली. बिरू तिला टेकून तंबाखू मळत होता.

मी आयुष्यात फार धावलेलो नाही. त्या दिवशी धावलो.

"अहो, तार सोडली नाहीत?"

"उद्या सोडतो की. चार्ज गुरवारी हाय न्हवं?"

"कोणी सांगितलं?"

"माने वॉचमननं. म्या फाटकावर जाऊन इचारलं, चार्ज कवा हाय? त्यो म्हनला, गुरवारी. हार बी सांगितल्यात."

मी विनायकाला फोन लावला, थांबा म्हटलं, आणि माने वॉचमनकडे वळलो. माने प्रामाणिक माणूस. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं होतं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला चार्ज म्हणजे एकच गोष्ट माहीत असते. साहेब खुर्चीवर बसतात, सही करतात, चार्ज घेतात. तो गुरुवारीच होता.

"बरं, पण पाटी वाचली नाहीत का?" मी बिरूला विचारलं. हा प्रश्न मला विचारायला नको होता. बिरू सातवीपर्यंत शिकलेला होता आणि त्याने पाटी नीट वाचली होती.

"वाचली की. उपकेंद्र प्रभारित हाय. म्हंजी पक्का सायब न्हाय अजून, प्रभारी हाय. गुरवारी पक्का येनार. मान्याचं बी त्येच म्हननं."

इंग्रजीत चार्ज या एका शब्दाचे दोन अर्थ होते. समितीने त्याचं मराठी केलं, प्रभार, आणि दोन्ही अर्थ जसेच्या तसे मराठीत आणले. अनुवाद इतका इमानदार असू शकतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. 'प्रभारी शिक्षणाधिकारी', 'प्रभारी मुख्याध्यापक' अशा पाट्या वाचत वाढलेल्या माणसाने 'प्रभारित' वाचून दुसरं काय समजायचं? मी बरोबरची खूण केलेली पाटी तिथेच होती. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही निर्दोष होते.

विनायक घाम पुसत बाहेर आला. त्याच्या हातातल्या कागदावर सगळ्या खुणा झालेल्या होत्या. आत कोणी माणूस नाही, आत कोणतं हत्यार राहिलं नाही, आतल्या तात्पुरत्या अर्थिंगच्या जोडण्या काढल्या. कागद कुंपणापर्यंत येऊन संपत होता.

पक्कड मागवली गेली. मॅडमनी स्वतः तार कापली. बिरूने वाघर काढली, काठ्या रोवल्या आणि चौथी बाजू दोरीची झाली. सत्यव्वा कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. मग ती कुंपणाच्या पलीकडच्या टोकाकडे बघू लागली.

"मॅडम, आमची तोडली, मग ती कुनाची?"

आम्ही सगळे वळलो. फाटकापलीकडे उद्याचा मांडव उभा राहत होता. मांडववाल्याने लोखंडी नळ्यांचा सांगाडा कुंपणाच्या खांबांना तारेने जखडला होता, कारण माळावरच्या वाऱ्यात दुसरं काही टिकत नाही. व्यासपीठाचा लोखंडी जिना, त्याला लागून दिव्यांच्या कमानीचा खांब, सगळं एकमेकांना आणि सगळं मिळून कुंपणाला. भाऊंची खुर्ची त्यातच होती.

"हे तर मेंढरांपेक्षा पक्कं बांधलंय," विनायक म्हणाला.

मांडववाल्याचं म्हणणं, सोडलं तर मांडव कर्नाटकात सापडेल. मॅडमनी वर फोन केला. वरून सांगण्यात आलं की मांडव हलणार नाही, कारण फोटोत भाऊंच्या मागे उपकेंद्र दिसलं पाहिजे. बिरूने केलं ते अतिक्रमण होतं. हे सुशोभन होतं. प्रवाहाला हा फरक कळत नाही, असं विनायक दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

शेवटी मॅडमनीच मार्ग काढला. मांडव राहील. वीज राहणार नाही. भाऊ उद्या बटण दाबतील, सगळे जेवतील, मांडव सुटेल, आणि मग चार्ज.

"म्हणजे बंद उपकेंद्राचं उद्घाटन?" मी विचारलं.

"सर, चालू उपकेंद्राचं करायचं म्हटलं तर मला मांडवातल्या पाचशे लोकांना खडीवर उभं करावं लागेल," त्या म्हणाल्या. "चप्पल घालून."

गुरुवार, मांडव

समारंभाचं वर्णन करत नाही. वाचकांनी एक तरी पाहिला असेल, आणि ते सगळे एकच असतात. रोहित्रांना हळदकुंकू लावलं होतं. फाटकापासून व्यासपीठापर्यंत लाल गालिचा होता, आणि त्याला उठाव यावा म्हणून मधली खडी बाजूला ओढून तिथे रांगोळी काढली होती. विनायकाने डोळे मिटून घेतले.

भाऊंनी बटण दाबलं. बल्ब लागला. टाळ्या झाल्या. भाऊ म्हणाले की या क्षणापासून माळावरचा अंधार संपला आहे. त्यांच्या मागे उपकेंद्र शांतपणे मेलेलं होतं. नवे साहेब उठले, खुर्चीत बसले, सही केली. चार्ज झाला. एवढा एक कार्यक्रम मात्र खरा होता. माने वॉचमनने माझ्याकडे पाहून मान डोलावली. 'मी सांगत होतो ना,' अशा अर्थाने.

मग 'उपकेंद्रास मोलाचं सहकार्य करणारे प्रगतशील मेंढपाळ' म्हणून बिरूला व्यासपीठावर बोलावलं. निवेदकाने त्याचं नाव विरूपाक्ष केलं, कारण बिरू हे माइकवर छोटं वाटतं. त्याला साहेब क्वालिटीची शाल मिळाली. मी सत्यव्वाला म्हटलं, ही धुता येते.

"धुतीया की," ती म्हणाली. "मेंढरं व्यायला बसली की खाली अंतरायला लागतंयच काय तरी."

जेवण मटणाचं होतं आणि मोठं होतं. पत्रावळ्यांचा ढीग मांडवामागे पडला. दुपारी मांडव सुटला, गालिचा गुंडाळला गेला, मॅडमनी स्वतः घमेलं घेऊन रांगोळीवर खडी पसरली. वाड्याच्या बाजूने फिरून त्यांनी कापलेल्या तारेची दोन्ही टोकं हाताने चाचपून पाहिली. मग चार्ज. आधी काहीच झालं नाही, मग कुठूनतरी गुणगुण सुरू झाली, आणि ती मोठी न होता तशीच राहिली. मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. संध्याकाळी विनायकाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवार, पुन्हा वाडा

परत निघताना वाड्यावरून जायचं ठरलं होतं. जीप थांबली तेव्हा बिरू वाघरीपाशी बसून दोरी सांधत होता. मधोमध एक भगदाड होतं, टोकं दातांनी तोडलेली. सत्यव्वा आमच्याकडे न बघता म्हणाली, "फाटंचं आलंतं. एक नेलं. दूद पाजत हुते त्येच."

"तुमची कुत्री कुठे होती?" मॅडमनी विचारलं.

"कुत्री तुमच्या पत्रावळ्यांवर गेलीती. रातभर हाडकं फोडत बसली. आली ती पोट वर करून झोपली."

कुत्री अजूनही कुंपणाच्या सावलीत पसरलेली होती, तृप्त, सत्कार झाल्यासारखी.

विनायक कुंपणाच्या कडेने चालत गेला. आत, नियंत्रण कक्षामागे, केबल गुंडाळून आलेली मोठमोठी लाकडी चाकं पडली होती. माणसाच्या उंचीची, जाड फळ्यांची, रिकामी. तो परत आला आणि मॅडमना म्हणाला, "ही लाकडं."

"सर, ती स्टोअरला परत जायची असतात. त्याला साहेबांची सही लागते."

साहेबांनी कालच चार्ज घेतला होता. ते आपल्या खोलीत हारांच्या ढिगाशेजारी बसून मागच्या साहेबांच्या जुन्या फायली उघडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोणत्या शीर्षकाखाली बसतं?"

"कुंपणाची सुरक्षितता," विनायक म्हणाला.

"कुंपणाच्या आतली?"

"बाहेरची."

साहेबांनी मॅडमनी पुढे केलेला कागद वाचला. मग सही केली. चार्ज घेतल्यानंतरची ती त्यांची पहिली सही असावी. तेवढ्यापुरतं मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं, आणि अशा माणसांबद्दल मला सहसा बरं वाटत नाही.

फिटर लोकांनी चाकं फोडली आणि फळ्या ओढ्यातून आणलेल्या दगडांत रोवून ठोकल्या. कुंपण आणि फळ्या यांच्यामध्ये माणूस आडवा झोपेल एवढी मोकळी जागा ठेवली, आणि मॅडमनी घमेल्याने तिथेही खडी टाकली. चिपळूणच्या माणसाला काहीतरी करता यावं म्हणून मी दगड वाहिले. पाटीखाली एक नवी ओळ रंगवायला पेंटरला सांगितली, "आत वीज चालू आहे. कुंपणाला काही बांधू नका." समितीची मंजुरी नव्हती. पेंटरने "नका" पुढे उद्गारचिन्ह टाकलं. मी ते राहू दिलं.

काम संपलं. सत्यव्वाने फळी हलवून पाहिली. हलली नाही. मग ती विनायकासमोर येऊन उभी राहिली.

"आता खरं सांगा, सायेब. ह्येच्यातनं तुमची वीज आमच्या मेंढराला मारंल का?"

विनायकाला सोपं उत्तर देता आलं असतं. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, बहुधा सोप्या उत्तराच्या आशेने.

"शक्यता फार कमी आहे," तो म्हणाला.

"म्हंजी हाय."

"आहे. अगदीच नाही, असं कधीच नसतं."

"लांडग्यापरास कमी?"

"खूप कमी."

सत्यव्वाने मेंढरांकडे पाहिलं, मग ओढ्यापलीकडच्या गवताकडे.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लांडग्यासंगं तर आमी नांदतोयच की."

आणि तिने वाड्याचं दार उघडून मेंढरं चरायला सोडली.